मैदानी विस्काचा आणि डोंगरी विस्काचा

विस्काचा हे दक्षिण अमेरिकेतले कुरतडणारे प्राणी. दोघेही चिंचिला या मऊ, दाट केसांच्या छोट्या प्राण्याचे भाऊबंद, पण खरा खणणारा मैदानीच. अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशात त्याच्या बिळांची वसाहत पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी वाढत जाते. बिळाच्या तोंडाशी काटक्या, हाडं, दगड असा ढीग. वाटेत पडलेली माणसाची वस्तूही हा तिथेच ओढून आणतो! नर 7-8 किलोपर्यंत भरतो, मादी बरीच लहान. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, वावर रात्रीचा. पोखरलेली जमीन खचून घोड्याचा पाय अडकतो, शिवाय भोवतालचं गवत तो साफ खुडतो. म्हणून पशुपालकांचा त्याच्यावर राग.

डोंगरी विस्काचा अँडीजच्या खडकांतला, लांब कानांमुळे सशासारखा. वजन साधारण 3 किलोच्या आत. खणण्याच्या फंदात फारसा पडत नाही; कपारीत राहतो आणि दिवसा ऊन खात बसतो. पाहायला म्हणून हाच सोपा.