चांगल्या बॅटऱ्या डेड ठरवल्या आणि जुन्याच नव्या म्हणून विकल्या

ज्यांच्या बोटीवर दोन बॅटऱ्यांचा सेटअप आहे त्यांनी कृपया हे पूर्ण वाचा, कारण माझ्या बाबतीत जे झालं ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं आणि फसवणाऱ्याला त्यात फारशी अक्कलही लावावी लागत नाही.

माझा सेटअप अगदी कॉमन आहे. एक स्टार्ट बॅटरी फक्त इंजिनसाठी, दुसरी हाऊस बॅटरी म्हणजे लाइट, फ्रिज, पंप, जीपीएस सगळं तिच्यावर, आणि दोघींच्या मध्ये व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा रिले. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, आधी स्टार्ट बॅटरी भरतो, तिचं व्होल्टेज मॉडेलप्रमाणे साधारण १३.३ ते १३.७ च्या वर गेलं की व्हीएसआर टक करून जोडतो आणि हाऊस बॅटरीपण भरायला लागते, इंजिन बंद करून व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरलं की परत तोडतो. प्रॉब्लेम असा सुरू झाला की इंजिन एका सेल्फला चालू व्हायचं पण संध्याकाळ झाली की लाइट मंद, फ्रिज बंद. कितीही वेळ इंजिन चालवा, हाऊस बॅटरी काही उभी राहायची नाही.

मरीन इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्या एकाला बोलावलं. आल्या आल्या त्याने हाऊस बॅटरीला लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून व्होल्टेज किती पडतं ते दाखवणारं मीटर, लावला, काटा धाडकन खाली, म्हणे सेल गेलाय. मग त्याने इमर्जन्सीचा पॅरलल स्विच फिरवून दोन्ही बॅटऱ्या एकत्र केल्या आणि तसाच टेस्टर स्टार्ट बॅटरीला लावला, तिथेही रीडिंग पडलं, म्हणे बघा हीपण गेली, दोन्ही बदला. आता हे नीट समजून घ्या, इथेच सगळा खेळ आहे. चार्ज नसलेली बॅटरी लोड टेस्टमध्ये पडणारच, नवीन कोरी असली तरी पडेल, ती टेस्ट पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवरच करायची असते. आणि दोन बॅटऱ्या जोडलेल्या असताना वेगवेगळं रीडिंग मिळतच नाही, नळीने जोडलेल्या दोन घागरींत एक रिकामी असेल तर दुसरीचंही पाणी उतरतं तसं आहे ते. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही, तो रोज हेच काम करतो.

वर म्हणे अल्टरनेटरपण वीक आहे, दाखवतो, आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच ऑफ करायला हात घातला. तेवढं मी अडवलं. हे कुणालाही करू देऊ नका. चालू इंजिनवर अल्टरनेटरची बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याचे डायोड उडू शकतात, मग चांगला अल्टरनेटर खरंच खराब होतो आणि तोही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो.

शेवटी दोन "नव्या मरीन डीप सायकल" बॅटऱ्या, म्हणजे रोज खोलवर डिस्चार्ज केल्या तरी टिकणाऱ्या, बसवल्या आणि जुनी हाऊस बॅटरी एक्स्चेंज म्हणून घेऊन गेला. जुनी स्टार्ट बॅटरी मी दुसऱ्या कामासाठी ठेवून घेतली तर ती नेण्यासाठी मागेच लागला, तेव्हा नुसतं विचित्र वाटलं, त्यामागचं कारण नंतर कळलं.

काही दिवसांतच पहिल्यासारखंच सुरू, हाऊस बॅटरी उतरलेली. मग ओळखीतल्या एका जुन्या बोटवाल्या काकांना मल्टिमीटर घेऊन बोलावलं. त्यांनी बॅटरीला हातच लावला नाही, आधी इंजिन चालू करायला सांगितलं. स्टार्ट बॅटरीवर १४.३, हाऊस बॅटरीवर १२.१. काका म्हणाले, अल्टरनेटर ठणठणीत आहे रे, चार्जिंग पलीकडे जातच नाहीये. व्हीएसआरचा लाइटपण लागत नव्हता. त्याची काळी बारीक अर्थची वायर निगेटिव्ह बसबारवर, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह वायरी जोडायच्या पट्टीवर जाते, तिचा लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, वरून हिरवा पडलेला, काकांनी जरासं ओढलं तर वायर लगमधून हातातच आली, आतल्या तारा काळ्या कुळकुळीत. खाऱ्या हवेत साध्या तांब्याच्या वायरचं हे होतंच, म्हणून बोटीवर टिन केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. तेवढा तुकडा कापून नवीन लग क्रिम्प केला, इंजिन चालू केलं, थोड्या वेळात टक आवाज आला आणि हाऊस बॅटरीचं व्होल्टेज चढायला लागलं. एवढाच फॉल्ट होता. एक लग.

पण नवी हाऊस बॅटरी त्यानंतरही टिकेना. पूर्ण चार्ज करून, सगळं काढून रात्रभर ठेवली तर सकाळी १२.३. चांगली लेड-ॲसिड बॅटरी अशी ठेवल्यावर १२.६ ते १२.७ दाखवायला पाहिजे. म्हणून काकांनी बॅटरी बाहेर काढून उजेडात नीट बघितली. स्टिकरच्या कोपऱ्यात नख घातलं तर खाली दुसरा स्टिकर, त्यावर फक्त सीसीएचा (थंडीत इंजिन स्टार्ट करताना बॅटरी किती करंट देते त्याचा) आकडा, म्हणजे गाडीची साधी स्टार्टिंग बॅटरी. तिच्या प्लेट पातळ असतात, क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेल्या, रोज खोलवर डिस्चार्ज केल्या तर लवकर मरतात. डीप सायकलच्या प्लेट जाड असतात आणि त्यावर अँपिअर-अवर (एएच), म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते, लिहिलेले असतात. झाकणाच्या कडेला जिथे तारखेचा कोड ठोकलेला असतो तिथे घासल्याच्या रेघा, बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं, आणि टर्मिनलवर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे. माझी जुनी स्टार्ट बॅटरी मात्र चार्ज करून टेस्ट केली, सीसीएच्या अर्ध्या लोडवर १५ सेकंद, ९.६ च्या खाली जाऊ नये असा नियम आहे, ती १०.५ च्या वर राहिली. डेड म्हणे! लोकांकडून अशाच चांगल्या बॅटऱ्या उचलायच्या आणि वर नवा स्टिकर मारून पुढच्याला विकायच्या, मला तर हाच धंदा दिसतो.

त्या इलेक्ट्रिकवाल्याला फोन केला तर म्हणे आत पाणी गेलं असेल, वॉरंटीत बसत नाही. बिलावर फक्त "बॅटरी २ नग". त्यामुळे बिलावर मेक, टाइप, एएच, सिरियल नंबर आणि तारखेचा कोड लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊच नका. कुणी बॅटरी गेली म्हणालं तर चार्जरवर पूर्ण भरायला लावा, काही तास तशीच ठेवा, दोन्ही वेगळ्या करून तुमच्यासमोर एकेक टेस्ट करायला सांगा. खरा माणूस याला कंटाळा करत नाही, आणि जो घाई करतो त्याला परत पाठवा. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये द्यायच्या आधी दुसरीकडे दाखवून घ्या.

मी रीडिंग आणि फोटोंसकट लेखी पैसे परत मागितलेत, अजून उत्तर नाही. कुणाकडे नुकतीच घेतलेली अशी बॅटरी असेल आणि स्टिकर जाडसर लागत असेल तर आधी तारखेच्या जागेचे आणि टर्मिनलचे फोटो काढा, मगच स्टिकर सोला आणि सोलतानाचा व्हिडिओ करा, नाहीतर स्टिकर तुम्हीच लावला असं म्हणायला तो मोकळा.