नव्या डायनॅमोचे पैसे घेतले, बसवला आमचाच जुना रंगवून

आमच्या अण्णांची २००६ ची वॅगनआर आहे. सांगलीत पुष्पराज चौकातून जाताना तिचा बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मिणमिणायला लागले. मिरजेचे नेहमीचे इलेक्ट्रिशियन गावाला गेलेले, म्हणून अण्णांनी गाडी दुसऱ्या एका गॅरेजला लावली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडून लगेच सांगितलं, "गुरुजी, डायनॅमो जळालाय. नवा टाकावा लागंल." डायनॅमो म्हणजेच अल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. खर्च साडेआठ हजार रुपये.

संध्याकाळी चकचकीत चंदेरी अल्टरनेटर बसलेला होता. जुना मागितला, तर तो म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला. बिल मागितलं, तर "बिलावर जीएसटी पडंल, कशाला उगीच?" वॉरंटी तोंडी.

महिन्याच्या आत दिवा पुन्हा लागला. तोवर मिरजेचे आमचे नेहमीचे इलेक्ट्रिशियन चाचा परत आले होते. त्यांनी डायनॅमो खाली उतरवला, थिनरच्या बोळ्यानं पुसला आणि चंदेरी रंग बोळ्यावर आला. खाली काळवंडलेलं ॲल्युमिनियम. मागचं झाकण काढल्यावर ते थांबलेच. आतल्या डायोड प्लेटच्या (वीज बॅटरीजोगी करणाऱ्या पट्टीच्या) एका तारेवर जाडसर सोल्डर होतं. "गुरुजी, हे सोल्डर माझ्या हातचं हाय. मागं मीच मारलं हुतं."

म्हणजे अण्णांचाच डायनॅमो रंगवून अण्णांनाच विकला! आत फक्त कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) बदललेले, काही शे रुपयांचं काम. हे ब्रश ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर चर पडलेले तसेच ठेवले, म्हणून त्या चरांनी नवे ब्रशही खाऊन टाकले. हयातभर पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसाला असं गंडवलं, याची चीड अजून जात नाही.

जुनी गाडी असेल तर गॅरेजला लावण्याआधी डायनॅमोचा आणि त्यावरच्या नंबरपट्टीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पैसे देण्याआधी जुना पार्ट समोर आणायला सांगा. मल्टिमीटर लावायला लावा: इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवेत, आणि हेडलाइट लावल्यावरही ते फार पडता कामा नयेत. चावी फिरवली की लाल दिवा आधी लागून इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो मुळीच लागत नसेल तर बल्ब काढून ठेवलाय का ते बघा, असंही करतात.

बिल नाही म्हणून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अण्णांनी पैसे यूपीआयनं दिले होते, त्या नोंदीवर आम्ही तक्रार केली आहे. उतरवलेला डायनॅमो चाचांनी भंगारात जाऊ दिला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही देऊ नका, पुरावा तोच आहे.