फ्लॅश की वाढवलेला आयएसओ?

जुलैत कर्नाळ्याच्या झाडीत सकाळी नऊलाही संध्याकाळ वाटते. ओढ्याकाठी तिबोटी खंड्या हा चिमुकला रंगीत पक्षी बसलाय, लेन्स एफ ५.६ ची, म्हणजे फार प्रकाश आत न घेणारी, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ला शटर जेमतेम १/६० सेकंद. मग फ्लॅश लावायचा की आयएसओ ६४०० वर न्यायचा?

फ्लॅशचा मोह मी समजू शकतो. पिसांचा जांभळा-निळा रंग उजळतो, चोचीचा केशरी खुलतो. पण मागचं जंगल काळंकुट्ट होतं, भरदिवसा काढलेला फोटो रात्रीचा वाटतो. शिवाय पक्ष्याच्या डोळ्यात तो पांढरा, चकाकता ठिपका! साध्या सिंकला, म्हणजे फ्लॅश आणि शटरच्या नेहमीच्या जुळणीला, शटर बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जातं. हायस्पीड सिंक वापरला तर त्याहून वेगवान शटर मिळतं, पण फ्लॅशची ताकद घटते. वापरायचाच तर दोन स्टॉप कमी करून, म्हणजे ताकद पाव करून, नुसता सावल्या उजळण्यापुरता. घुबडावर आणि घरट्याजवळ मात्र अजिबात नको. पावसाळा हा खंड्याच्या विणीचा काळ आहे, हे विसरू नका.

आयएसओ ६४०० ला शटर १/२५० मिळतं, बसलेल्या पक्ष्याला पुष्कळ. फोटोत दाणे (नॉइज) दिसतात, सावल्यांत जास्तच. पण रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढलं, एक्स्पोजर कमी पडू दिलं नाही, तर आजची सॉफ्टवेअर ते बऱ्यापैकी साफ करतात. हललेला फोटो मात्र तितका सावरत नाही.

माझा फ्लॅश हल्ली बॅगेतच असतो. मोनोपॉड (एकपायी स्टँड) तेवढा नेतो, चिखलात रुततो तरी.