एसीच्या डक्टभोवतीचं पॅनेल: पीव्हीसी बोर्ड की मरीन प्लाय?

जुनी टुरिस्ट टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करायला निघालेली मंडळी बहुतेक एकाच जागी येऊन अडतात. सीट काढून झाल्या, फरशी झाली, इन्सुलेशन चिकटवलं. आता छतालगतचे एसीचे डक्ट (थंड हवा नेणाऱ्या नळ्या), मागचा ब्लोअर, चाकांवरचे फुगवटे, डिझेल भरायच्या तोंडापासून टाकीकडे उतरणारा पाइप आणि वायरिंगचे जुडगे जागच्या जागी ठेवून भिंती मढवायच्या कशाने? 6 मिमीच्या पीव्हीसी फोम बोर्डाने की 6 मिमीच्या मरीन प्लायने?

माझ्या गाडीत दोन्ही आहेत. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांनी डावी बाजू पीव्हीसीने मढवून घेतली होती आणि उजवी उघडी ठेवली होती. उजवीकडे मी प्लाय लावला. त्यामुळे डक्ट सारखाच, घाट तेच, ऊनही तेच. मोजमापं विचाराल तर माझ्याकडे टेप आणि दोन कान एवढीच साधनं आहेत, तेव्हा पुढचं सगळं त्या बेताने वाचा.

काही जण एसीपीही सुचवतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली शीट. हलकं म्हणून लोक घेतात खरं, पण 3 मिमीच्या एसीपीची शीट वजनाला 6 मिमीच्या प्लायच्या आसपासच भरते. कापलेली कड हाताला लागते. आतला थर साध्या पॉलिथिनचा असेल तर तो पेटतो, म्हणून शेगडीच्या आसपास मला ते नकोच वाटतं. (शेगडीमागे प्लाय किंवा पीव्हीसीही उघडं ठेवू नये. स्टीलचा पत्रा आणि त्यामागे थोडी हवेची जागा ठेवावी. पीव्हीसी पटकन पेटत नाही, पण पेटलंच तर त्याचा धूर बंद गाडीत फार वाईट.) एसीपीचा विषय मी इथेच सोडतो.

बसवण्याच्या दिवशी पीव्हीसीच जिंकतं, हे आधीच सांगून टाकतो. गाडीत गुण्या चालत नाही आणि ओळंबाही चालत नाही. भिंत वर जाताना आत झुकते, डक्ट मात्र आपल्या सरळ रेषेत जातो, आणि खाली चाकावरचा फुगवटा तिसराच आकार घेऊन बसलेला असतो. घरकाम करणारे सुतार म्हणूनच गाडी बघून काढता पाय घेतात. पीव्हीसी बोर्ड साध्या कटरने कापला जातो, कानशीने दोन हात मारले की कड जमते, आणि हीट गनने गरम केला की फुगवट्यावर छान वाकतो. प्लायला जिगसॉ लागते, मग रंधा, मग पुन्हा लावून बघणं, पुन्हा काढून घासणं. तीव्र वळणावर तो वाकतही नाही, तिथे तुकडे करावे लागतात.

फरमा मात्र दोन्हीला लागतोच. मोठा पुठ्ठा डक्टपासून चार बोटं दूर धरायचा आणि त्याला पोस्टकार्डाएवढे तुकडे चिकटपट्टीने जोडत डक्टच्या कडेपर्यंत न्यायचे. आकार हुबेहूब उतरतो. खाचेचे आतले कोपरे काटकोनात कापू नका, आधी ड्रिलने गोल भोक पाडा आणि मग त्या भोकापर्यंत कापा. काटकोनी कोपऱ्यातून बोर्ड पुढेमागे तडकतो. आणि सीट बेल्टचे बोल्ट, आपत्कालीन खिडकी, मागच्या दिव्यांच्या मागची जागा यांवरून पॅनेल नेऊच नका, कितीही सुबक दिसत असलं तरी.

आता माझा निर्णय जिथे झाला ती गोष्ट. आवाज.

डाव्या बाजूला, डक्टच्या खालच्या कडेला जिथे बोर्ड टेकतो, तिथून उन्हाळ्यात दुपारी चिरचिर सुरू होते. मोठी नाही. इंजिनाच्या आवाजात पुढे बसलेल्याला कदाचित ऐकूही येणार नाही. पण मागे आडवं पडलेल्या माणसाच्या कानापासून ती दीड हातावर असते. बोर्डावर तळहात दाबला की थांबते, हात काढला की पुन्हा चालू. ताम्हिणीच्या वळणांवर माझी बायको एक हात भिंतीला लावूनच झोपायची, आणि तिने एकदा विचारलंही, की आता रात्रभर हिला असंच थोपटत बसू का?

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. पीव्हीसी उन्हाने वाढतं. उन्हात बंद उभ्या गाडीच्या भिंतीचा पत्रा 60 अंशांपर्यंत सहज तापतो. पहाटेच्या 25 अंशांपासून तिथवर जाताना 2 मीटरची पीव्हीसीची पट्टी 4 ते 5 मिमीने लांबते. तेवढ्याच फरकाला प्लाय अर्धा मिमीसुद्धा लांबत नाही. म्हणजे डक्टच्या टोकाला 2 मिमीची नेटकी फट ठेवली, तर दुपारी बोर्ड तिथे जाऊन घासणार. 5 मिमी ठेवली, तर पहाटे त्या फटीतून इन्सुलेशनची चंदेरी कड डोकावणार. माझ्याकडे डावीकडे दोन्ही प्रकार आहेत, एक पुढे, एक मागे.

यावर उपाय नाही असं नाही. स्क्रूची भोकं मोठी करायची, 5 मिमीच्या स्क्रूला 8 मिमीचं भोक आणि वर रुंद वॉशर, म्हणजे बोर्डाला सरकायला वाव मिळतो. मी करून पाहिलं. चिरचिर खरंच कमी झाली, पण वॉशर सैल ठेवल्यामुळे खराब रस्त्यावर बोर्डच खडखडू लागला. घट्ट केले की पुन्हा चिरचिर. कोणी कुशल माणूस यातला मध्य साधत असेलही, मला तो साधला नाही. मेमध्ये ताडोब्याकडे गेलो तेव्हा तर खिडकीखालच्या लांब पट्टीला लाटाच आल्या, संध्याकाळी त्या बऱ्याचशा बसल्या. ज्या गुणामुळे पीव्हीसी हीट गनने वाकतं, तोच गुण विदर्भाच्या उन्हातही त्याच्या अंगी असतो, दुसरं काय.

प्लाय आवाज करत नाही, असं मी म्हणणार नाही. लाकूड पत्र्यावर नुसतं ठेवलं तर तेही कुरकुरतं. पण तिथे 3 मिमी फट ठेवून फेल्टची पट्टी घातली की काम मिटतं, कारण ती फट दुपारीही 3 मिमीच असते. पावसाळ्यात प्लाय थोडा फुलतो हे खरं, पण तो ऋतूच्या चालीने फुलतो. पीव्हीसीसारखी रोजची ये-जा नाही.

दुसरी गोष्ट पॅनेल काढण्या-घालण्याची. ब्लोअरची मोटर कधीतरी जाणारच, वायर कधीतरी कुरतडली जाणारच, आणि एसीवाला मेकॅनिक आपल्या मायेने पॅनेल काढत नाही. पीव्हीसीत थेट मारलेला स्क्रू दोन-तीनदा काढला की भोक ढिलं होतं. दोन खाचांमधला बारीक गळा थंडीच्या सकाळी पटकन मोडतो. प्लायलाही मी थेट स्क्रू मारलेले नाहीत. गाडीच्या भिंतीतल्या लोखंडी फासळ्यांमध्ये रिव्हनट (पत्र्याच्या भोकात पक्के बसणारे आटे असलेले नट) बसवून त्यात मशीनचे स्क्रू घेतलेत. पीव्हीसीलाही तसं करता येतं, पण गळ्याचा प्रश्न राहतोच. डक्टभोवती एकच मोठं पॅनेल न करता वरची वीतभर पट्टी वेगळी ठेवा, हे मात्र दोन्हीला लागू. ब्लोअरसाठी तेवढीच उघडावी लागते.

आता प्लायची बाजू लंगडी कुठे पडते? पाण्यात. एसीच्या ड्रेन पाइपमध्ये धूळ अडकली की पाणी डक्टवरून भिंतीत उतरतं, आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं ते वेगळंच. आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा मार्क असलेल्या प्लायचा डिंक उकळत्या पाण्याच्या 72 तासांच्या चाचणीतून गेलेला असतो, पण कापलेली कड उघडी राहिली तर तिथून पाणी शिरतंच. म्हणून प्रत्येक कडेला, प्रत्येक खाचेला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सीचे दोन हात. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळता येत नाही. पीव्हीसीला यातलं काहीच लागत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. गाडी वर्षभर रत्नागिरी-मालवणकडे उघड्यावर उभी राहणार असेल, किंवा काम एखाद्या सुट्टीत उरकायचं असेल, तर पीव्हीसी घेणाऱ्याला मी अडवणार नाही. तिकडे उन्हाचा कडाका नागपूरसारखा नसतो, त्यामुळे चिरचिरही कदाचित कमी होईल.

तुमची गाडी देशावर फिरणार असेल, मागे माणसं झोपणार असतील आणि एसीचा डक्ट जागेवरच ठेवायचा असेल, तर मी प्लायकडे झुकेन. दोन्हीच्या शीटच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. किमतीत मात्र आहे. पुण्यातले असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शीट हातात घेऊन, कडेचे थर बघून घ्या. आत पोकळी दिसली तर मार्क कुठलाही असो, ती शीट नको.

माझी डावी बाजू येत्या थंडीत उतरणार आहे. फरशीपासून फूटभर उंचीपर्यंतचा पीव्हीसी तसाच ठेवीन, कारण ओले पाय आणि सांडलेलं पाणी तिथेच लागतं आणि पडद्यामागे ऊनही पोचत नाही. वरच्या निघालेल्या पट्ट्यांचा दाराजवळ ओल्या चपलांसाठी खण करायचा विचार आहे.