दाखवला एक टीव्ही, घरी आला दुसरा

टीव्ही घ्यायला जाताना पूर्ण मॉडेल क्रमांक, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदावर लिहून न्या आणि खोकं उघडण्याआधी त्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. आमची फसवणूक त्या शेवटच्या दोन अक्षरांत झाली. ज्याने ती केली त्या विक्रेत्याला त्या अक्षरांचा अर्थ पक्का ठाऊक होता. म्हणूनच हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमच्याकडे टीव्ही सगळ्यात जास्त बाबा बघतात. काचबिंदूमुळे त्यांना अंधाऱ्या दृश्यांतले चेहरे ओळखू येत नाहीत. त्यामुळे आम्हाला पडदा किती मोठा यापेक्षा काळा रंग किती काळा दिसतो, हे महत्त्वाचं होतं. त्या दृष्टीने आम्ही तीन ब्रँड निवडले. एक महागडा आणि नावाजलेला, एक मधला, आणि एक बराच स्वस्त, ज्याच्या जाहिरातीत सगळंच होतं.

तुलना करताना लवकरच लक्षात आलं की नुसत्या नावांची तुलना करून हाती काही लागत नाही. टीव्हीवरचं नाव, तो बनवणारा कारखाना आणि आतलं पॅनेल (प्रत्यक्ष चित्र दाखवणारा पडदा) या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात. फिलिप्सच्या नावाचे टीव्ही २०१२ पासून टीपी व्हिजन ही वेगळी कंपनी बनवते, अमेरिका खंडात तर आणखी तिसऱ्याच कंपन्यांनी ते नाव वापरलं आहे. शार्पचा ताबा २०१६ मध्ये फॉक्सकॉनकडे गेला. तोशिबाचा टीव्हीचा व्यवसाय २०१८ मध्ये हायसेन्सने घेतला. सोनीचे ओएलईडी (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असे) टीव्ही उत्तम मानले जातात, पण त्यांतलं पॅनेल एलजी डिस्प्ले किंवा सॅमसंग डिस्प्लेकडून येतं. यात गैर काही नाही. पण ‘अमुक ब्रँड टिकाऊ’ असं कुणी म्हणालं की मी आता पहिला प्रश्न विचारते, मॉडेलांची कुठली मालिका (सिरीज) आणि कुठल्या वर्षाची?

एकाच ब्रँडच्या स्वस्त आणि महाग मालिकेतला फरक बऱ्याचदा दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. आम्ही मधल्या ब्रँडची जी मालिका निवडली होती, तिच्यात व्हीए पॅनेल होतं. एलसीडी पडद्यांचे व्हीए आणि आयपीएस हे दोन मुख्य प्रकार. साध्या आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागातलं प्रमाण, साधारण १०००:१ असतो, तर व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त. म्हणजे समोर बसून बघणाऱ्याला काळा रंग गडद दिसतो. आयपीएसचा फायदा बाजूने बघणाऱ्यांना होतो आणि बाबा नेहमी समोरच बसतात. शिवाय त्या मालिकेत बॅकलाइट (पडद्याला मागून उजळणारे दिवे) पूर्ण पडद्यामागे पसरलेला होता आणि त्याचे भाग स्वतंत्रपणे मंद होत. पॅनेल १० बिटचं, म्हणजे रंगांच्या जास्त छटा दाखवणारं, आणि १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं. हे सगळं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं आणि त्याची प्रत माझ्याकडे होती.

विक्रेत्याने आम्हाला आधी तिसऱ्या ब्रँडकडे वळवायचा प्रयत्न केला. तो टीव्ही भिंतीवर झगमगत होता आणि त्याच्या शेजारी आम्हाला हवा असलेला मलूल दिसत होता. मी दोन्हींचे रिमोट मागितले. चमकणारा टीव्ही दुकानासाठीच्या मोडवर होता, त्यात ब्राइटनेस आणि रंग टोकाला नेलेले असतात. आमचा मात्र वीज वाचवणाऱ्या मोडवर टाकून ठेवला होता. दोघांवर व्हिडिओही वेगळे चालू होते. एकावर काळ्या पार्श्वभूमीवरची रंगीत फुलं, दुसऱ्यावर साधा केबलचा चॅनल. दोन्ही टीव्ही ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ मोडवर आणले आणि पेनड्राइव्हवर नेलेलं एक रात्रीचं दृश्य दोन्हींवर लावलं. फरक लगेच दिसला, झगमगणाऱ्या टीव्हीवर ती रात्र करडी पडली होती. हा प्रयोग प्रत्येकाने करावा, आणि रिमोट द्यायला जो नकार देईल त्याच्याकडून टीव्ही घेऊ नये.

त्या स्वस्त संचावर ‘४के सपोर्ट’ असंही लिहिलं होतं. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडीवर साधारण २१ लाख. ‘सपोर्ट’ असं लिहिलं की अनेकदा अर्थ एवढाच निघतो की टीव्ही ४के सिग्नल घेतो आणि लहान करून कमी ठिपक्यांच्या पडद्यावर दाखवतो. माहितीपत्रकात ‘पॅनेल रिझोल्यूशन’ या ओळीपुढचा आकडा बघा, बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. ‘एचडीआर सपोर्ट’चीही तीच गत. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. एचडीआर सिनेमे बहुतेक वेळा १००० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून तयार केलेले असतात आणि स्वस्त पॅनेल २५० ते ३०० निट्सवर थांबतं. सिग्नल येतो, पण तो दाखवायला लागणारा उजेडच नसतो. त्यामुळे एचडीआर लावल्यावर चित्र कित्येकदा साध्यापेक्षाही काळवंडतं.

आम्ही बधत नाही हे दिसल्यावर विक्रेता नमला. ‘‘ताई, तुम्हाला हवा तोच देतो. हा डिस्प्लेचा पीस आहे, गोदामातून सीलबंद पाठवतो.’’ त्याच वेळी त्याने कंपनीच्या वॉरंटीनंतरची जादा संरक्षण योजनाही विकली. तिच्या कार्डावर मॉडेल क्रमांक त्याने आमच्या समोर लिहिला, डिस्प्लेच्या संचामागे बघून.

घरी आलेल्या संचाचा ब्रँड तोच, आकार तोच, समोरून चौकटही तशीच. बसवायला आलेल्या मुलाने खोकं उघडलं, टीव्ही लावला आणि खोकं ‘रिकामं न्यायला सांगितलंय’ म्हणून सोबत नेलं. संध्याकाळी बाबांनी सिनेमा लावला आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘जुन्यातच बरं दिसत होतं गं.’’ अंधारी दृश्यं सगळी राखाडी होती आणि कडांना उजेडाचे पट्टे दिसत होते. मी आधी सेटिंग तपासत बसले. मग मागचं लेबल वाचलं. क्रमांक जवळपास तोच होता, फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी.

मॉडेल क्रमांकात बहुतेक वेळा सुरुवातीला किंवा मध्ये दोन अंकी संख्या असते, ती पडद्याचे इंच. मग मालिका आणि वर्ष येतं, आणि शेवटची अक्षरं प्रदेश किंवा विक्रीचा मार्ग सांगतात. मोठ्या सेलसाठी किंवा ठरावीक विक्री-साखळ्यांसाठी कंपन्या मिळत्याजुळत्या नावाचे वेगळे संच बनवतात. पोर्ट कमी, बॅकलाइट साधा, पॅनेल हलक्या दर्जाचं. किंमतही कमी असते आणि माहितीपत्रकात ते छापलेलं असतं, त्यामुळे कंपनीला यात दोष देता येत नाही. तो संच आम्हाला मूळ मालिकेच्या किमतीला विकला, ही लबाडी विक्रेत्याची. आमच्या संचात बॅकलाइट फक्त कडेला होता, पॅनेल ६० हर्ट्झचं आणि ८ बिटचं. बाहेर मात्र ‘मोशन’ या शब्दापुढे १२० छापलेलं. तो आकडा पॅनेलचा नसतो, मधल्या फ्रेम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. कित्येक ब्रँड हे करतात, म्हणून माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ किंवा ‘पॅनेल रिफ्रेश रेट’ असा शब्द शोधायचा.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार होतं. ‘‘कंपनीने सिरीज बदलली, आत सगळं तेच आहे.’’ मी बिल काढलं. त्यावर ब्रँडचं नाव, इंच आणि ‘४के एलईडी टीव्ही’ एवढंच. मॉडेल क्रमांक नाही, सीरियल क्रमांकही नाही. बिलावर हे दोन्ही लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन्ही क्रमांक लेखी पाठवले आणि लेखीच उत्तर मागितलं. त्यांनी स्पष्ट कळवलं की ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. तरी विक्रेता हटला नाही. खोकं नाही म्हणून परत घेत नाही, हा त्याचा पुढचा मुद्दा. खोकं का नेलं, ते तेव्हा कळलं.

बाबा तोच टीव्ही बघत राहिले आणि मला प्रत्येक वेळी राग येत राहिला. ज्या माणसासाठी इतकं शोधून टीव्ही निवडला, त्यालाच त्यातलं दिसत नव्हतं.

मग कंपनीची वॉरंटी संपल्यावर एके दिवशी आवाज चालू आणि पडदा काळा. योजनेच्या कार्डावरच्या नंबरवर फोन केला, तर ती योजना कंपनीची नव्हतीच, भलत्याच संस्थेची होती. त्यांनी संचामागच्या लेबलचा फोटो मागवला आणि दावा फेटाळला, कारण कार्डावरचं मॉडेल आणि संचावरचं मॉडेल जुळत नव्हतं. विक्रेत्याने पाठवलेल्या कारागिराने टीव्ही उघडलाही नाही. बटणं दाबून बघितली आणि म्हणाला, ‘‘पॅनेल गेलं. त्याचा खर्च नव्या टीव्हीइतका. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.’’

पॅनेल खरंच बिघडलं तर खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा येतो, आणि याच खऱ्या गोष्टीच्या आडून लोकांना लुबाडलं जातं. माझा मावसभाऊ दुरुस्तीचं काम करतो. तो आला, खोलीतले दिवे बंद केले, टीव्ही चालू केला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरला. काळ्या पडद्यावर मेनू पुसटसा दिसत होता. ‘‘ताई, चित्र येतंय. पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेलाय.’’ बॅकलाइटच्या पट्टीवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक जरी तुटला तरी अख्खी साखळी विझते. पट्ट्या बदलायला पॅनेल अलगद काढावं लागतं, काम नाजूक आहे, पण खर्च पॅनेलच्या मानाने फारच थोडा. आवाज येतो, पडदा काळा आहे आणि टॉर्चच्या उजेडात चित्र दिसतंय, असं असेल तर ‘पॅनेल गेलं’ म्हणणाऱ्याला टीव्ही देऊ नका. पडद्यावर उभ्या रेघा असतील किंवा काच आतून तडकली असेल, तर गोष्ट वेगळी.

टिकाऊपणाबद्दल भावाने जे सांगितलं ते कुठल्याही ब्रँडच्या जाहिरातीत मिळणार नाही. त्याच्याकडे येणाऱ्या टीव्हींमध्ये बॅकलाइट गेलेले खूप असतात, आणि त्यांतले बरेच घरी आल्या दिवसापासून पूर्ण ब्राइटनेसवर चाललेले असतात. आमच्यासारख्या एज-लिट, म्हणजे कडेला बॅकलाइट असलेल्या, संचात सगळे एलईडी एका कडेला दाटीने बसवलेले असतात आणि उष्णता तिथेच साठते. टीव्हींच्या चाचण्या घेणाऱ्या आरटिंग्ज या संकेतस्थळाने २०२२ च्या अखेरीपासून १०० टीव्ही दीर्घकाळ चालवून जी चाचणी केली, तिच्यातही एज-लिट टीव्हींची हीच दुखणी ठळकपणे पुढे आली. प्रकाश असमान होणं, आतले थर वाकणं, एलईडी जळणं. ओएलईडीत बॅकलाइटच नसतो, काळा रंग अप्रतिम, पण एकाच जागी दिवसभर दिसणाऱ्या बातम्यांच्या पट्टीचा डाग राहण्याचा धोका असतो. बाबा बातम्या फार बघतात, म्हणून तो आम्ही घेतला नव्हता. कुठलाही एलसीडी टीव्ही असो, बॅकलाइटची पातळी खोलीच्या उजेडाला पुरेल एवढीच ठेवा आणि मागे हवा खेळायला जागा सोडा.

भावाने पट्ट्या बदलल्या, टीव्ही चालू आहे. विक्रेत्याने मात्र एक गोष्ट विसरून करून ठेवली होती. योजनेच्या कार्डावर त्याच्याच हस्ताक्षरात, त्याच्याच शिक्क्याखाली, आम्हाला कबूल केलेल्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक आहे. बिलावर जे लिहायचं त्याने टाळलं, ते तिथे लिहिलेलं आहे. मी ते कार्ड, संचामागच्या लेबलचा फोटो, दोन्ही माहितीपत्रकं आणि कंपनीचं लेखी उत्तर जोडून ग्राहक तक्रार दाखल केली. तक्रारीची नोटीस मिळताच त्याने योजनेचे पैसे परत पाठवले. दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक अजून दिलेला नाही, आणि त्यासाठी मी प्रत्येक तारखेला हजर राहणार आहे.