लॉग पाठ करावेत की अपूर्णांकातच राहावं?

मशीन लर्निंगच्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही म्हटल्यावर नांदेडच्या आमच्या खोलीत दोन तट पडले. लातूरचा रूम पार्टनर लॉग पाठ करायला बसला. पाया 2 धरून 3 चा 1.585, 5 चा 2.322, 7 चा 2.807. आजोबा पावकी-दिडकी म्हणायचे, अगदी त्याच सुरात! मी अपूर्णांकवाला.

एंट्रॉपी, म्हणजे नोंदींतली सरमिसळ मोजणारा आकडा, आली की त्याचंच खरं. 8 नोंदींत 3 'हो', 5 'नाही'. 8 चा लॉग 3, त्यातून (3 × 1.585 + 5 × 2.322) ÷ 8, म्हणजे 2.046 वजा केले की 0.954. गडी दोन मिनिटांत मोकळा. माझ्या वहीत लॉग तसेच लोंबकळत राहतात आणि डिसिजन ट्रीची (प्रश्नागणिक फाटे फुटत निर्णयाला नेणाऱ्या झाडाची) कोणती फांदी बरी, तेच ठरत नाही.

जिनी, म्हणजे त्याच सरमिसळीचं लॉगशिवायचं माप, विचारला की मात्र मी पुढे: 1 वजा (3² + 5²)/8², म्हणजे 1 वजा 34/64, म्हणजे 15/32. नाइव्ह बेझमध्ये (शक्यता गुणून 'हो' की 'नाही' ठरवायच्या पद्धतीत) तर छेद दोन्हीकडे सारखाच, नुसते अंश ताडून पाहायचे. तिथं दशांश काढत बसणारा उगीच वेळ घालवतो.

शेवटी मी 3 आणि 5 तेवढे पाठ केले. 6 चा लॉग 3 च्या लॉगमध्ये 1 मिळवला की निघतो. 7 च्या वाटेला गेलो नाही.