रोहित पाहायला ठाण्याची खाडी की आपली उजनी?

फेब्रुवारीत दोन दिवसांची सवड आहे आणि मुलांना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायचेत. सोलापूरकरांसमोर दोन वाटा आहेत.

रोहित दोन्हीकडे असले तरी जात वेगळी. ठाणे खाडीत मुख्यतः छोटा रोहित. गर्द गुलाबी, चोच काळपट किरमिजी. शहरांच्या सांडपाण्यावर खाडीत जे शेवाळ माजतं, त्यावर हे हजारोंनी जगतात. उजनीला येतो तो मोठा रोहित. उंच, पांढुरका, चोचीचं टोक काळं. बसलेला असताना मुलं विचारतील, "गुलाबी कुठाय?" तो पंख उघडेपर्यंत थांबा, मग अग्निपंख हे त्याचं दुसरं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून अधिक खारफुटी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी ठाणे, तिथून लोकलने ऐरोली. तिथल्या वनविभागाच्या केंद्रातून बोटी सुटतात, पण भरती-ओहोटी पाहून. ही वेळ रोज पाऊणेक तासाने पुढे सरकते, म्हणून आधी बोटीची वेळ घ्या आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा.

उजनीचं पाणी असं रोज हलत नाही, ते हंगामाने उतरतं. धरण किती टक्क्यांवर आहे, प्लसमध्ये की मायनसमध्ये (म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात), हे आपण एरवी उसासाठी आणि नळासाठी वाचतो. इथे तोच आकडा पक्ष्यांसाठी वाचायचा. पाणी उतरलं की काठचा गाळ उघडा पडतो आणि रोहितांना चरायला उथळ जागा मिळते. धरण काठोकाठ असेल तर थवे विखुरलेले किंवा उशिरा आलेले असतात.

पहाटे गाडी काढली तर तीनेक तासांत भिगवणजवळचं कुंभारगाव येतं. करमाळा तालुक्यात केत्तूरलाही काठ आहे. चित्रबलाक, चमचे, पट्टकादंब, चक्रवाक यांची रेलचेल इथे जास्त. खाडीत मळगुज्यासारखे चिखलपक्षी आणि तिवरांचं रान.

पहिल्यांदाच जात असाल, सोबत मुलं किंवा वडीलधारी असतील, तर मी उजनीच सांगेन. फेब्रुवारीतही धरण भरलेलंच दिसलं, तर ठाणे.

एक कळकळीची विनंती. उजनीला अभयारण्याचं कवच नाही. फोटोसाठी थवा उडवू नका, हे नाववाल्या दादांना नावेत बसण्याआधीच सांगा. उडालेला थवा चरणं सोडून दूर जाऊन बसतो.